मुद्रा : ठशापासून चेहऱ्यापर्यंत

‘हे ऐकताच त्यांची मुद्रा गंभीर झाली’ यासारख्या वाक्यात मुद्रा, चेहरा आणि भाव हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील, असे अनेक विद्यार्थी मानतात. समानार्थी शब्दांच्या याद्यांनी लावलेली ही सवय मोडली पाहिजे, असे माझे मत आहे.

संस्कृतात ‘मुद्रा’ म्हणजे शिक्का, त्याचा ठसा किंवा तो उमटविणारी अंगठी. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात अमात्य राक्षसाची अशीच अंगठी चाणक्याच्या हाती लागते आणि तिच्या आधारे तो राक्षसाला कोंडीत पकडतो. राजमुद्रा, मुद्रांक, मुद्रण या शब्दांत हाच अर्थ टिकून आहे. ‘मुद्’ म्हणजे आनंद, म्हणून आनंद देणारी ती मुद्रा, अशीही व्युत्पत्ती सांगितली जाते. ती आकर्षक असली, तरी शिक्क्याचा आनंदाशी संबंध जुळत नाही. अनेक अभ्यासक हा शब्द प्राचीन इराणी भाषांशी जोडतात. फारसीतून आलेली आपली ‘मोहोर’ त्यांच्या मते त्याच कुळातली ठरते.

मग शिक्क्याचा शब्द चेहऱ्याकडे कसा वळला? याचे सूचन ‘उमटणे’ या क्रियापदात सापडते. ठसा लाखेवर उमटतो, तसे भाव चेहऱ्यावर उमटतात. मनात असतो तो भाव, ज्यावर तो उमटतो तो चेहरा आणि उमटून स्थिरावते ती मुद्रा. म्हणूनच आपण चेहरा धुतो, मुद्रा धुत नाही. मनात भाव येतो, मुद्रा येत नाही.

तत्सम रूपामुळे हा शब्द ग्रांथिक भासतो. परंतु त्याचीच तद्भव भावंडे घरात वावरतात. बोटातली ‘मुदी’ त्यांपैकी एक. वाटीत दाबून पानावर उपडी केलेली भाताची ‘मूद’ दुसरी. तीही वाटीचा ठसाच नव्हे काय?

संसार आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपली बोली अभ्यासाबाहेरची वाटते. वस्तुतः तीच त्यांच्या हाताशी असलेला पहिला पुरावा आहे. आपण ‘तोंड वाकडे केले’ म्हणतो, ‘मुद्रा वाकडी केली’ असे का म्हणत नाही? शब्दकोश उघडण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या बोलण्यात शोधून पाहावे.