रविवार कुणाचा?

आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ ताईंनी मला सर्वांसमोर विचारले, "सायकल की संघटना, एकदा काय ते ठरव." ताई माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या. हुंडाबळींच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्या पिढीतल्या. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी एका कंपनीत नोकरी धरायच्या बेतात होते, ती वस्तीतल्या कामात आले ती त्यांच्यामुळे. म्हणून तिथे गप्प बसले. पण घरी आल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. शिवाय तो माझ्या एकटीचा असता, तर बैठकीतल्या निम्म्या जणींनी माना खाली घातल्या नसत्या. तेव्हा उत्तर इथेच देते.

आधी माझी चूक सांगते. ती लपवून वाद घालण्यात अर्थ नाही.

गेली सहा वर्षे मी लांब पल्ल्याची सायकल चालवते. 'ब्रेवे' नावाचा एक प्रकार आहे, मूळचा फ्रेंच. ती शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात पुरे करायचे, इतकेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. बाईला वेगळी सवलत नाही आणि पहिल्या आलेल्याला बक्षीसही नाही. मार्चमधल्या एका रविवारी पुण्याहून साताऱ्याकडे जाऊन परत यायची अशी २०० ची ब्रेवे होती. पहाटे सहाला निघालो. पावणेदहाच्या सुमारास मी खंबाटकीच्या चढावर होते. फोन पाठीच्या खिशात, आवाज बंद.

त्याच वेळी वस्तीतली एक बाई दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन माझ्या दाराशी आली होती. रात्री नवऱ्याने मारले होते. "केव्हाही ये," असे मीच तिला सांगून ठेवले होते. घरचे सगळे गावी गेलेले, दाराला कुलूप. तिने तीनदा फोन केला, जिन्यात तासभर बसली आणि पुन्हा त्याच घरी गेली. मी परतीच्या वाटेवर चहाला थांबले तेव्हा ते तीन फोन पाहिले. उलट फोन लावला तो नवऱ्याने उचलला. बचत गटाच्या हप्त्याबद्दल काहीतरी बोलून ठेवून दिला. दोन दिवसांनी ती भेटली. गालावरचा वळ पिवळा पडला होता. "ताई, तुमास्नी बी कवातरी भाईर जावं लागतंयच की," एवढेच म्हणाली. रागावली असती तर बरे झाले असते.

हे मी बैठकीत आपणहून सांगितले आणि त्यावर ताईंचा तो प्रश्न आला.

चूक माझीच. "केव्हाही ये" असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, कारण केव्हाही हजर असणारे माणूस जगात नसते. पण मैत्रिणींनो, आपण अकरा जणी आहोत. रविवारी सकाळी निदान एक दार उघडे असेल, एक फोन उचलला जाईल, असे आपण कधी बसून ठरवले होते का? गेल्या वर्षी मी टायफॉइडने बारा दिवस अंथरुणात होते. तेव्हाही माझे दार बंदच होते. त्या वेळी कुणी म्हणाले नाही, की टायफॉइड की संघटना ते ठरव. दिवाळीच्या आधी फराळाच्या नावाने आपल्यातल्या निम्म्या जणी आठ-आठ दिवस फिरकत नाहीत. त्यावर बैठकीत ब्र निघत नाही. नणंदेचे बाळंतपण, सासऱ्यांचे वर्षश्राद्ध, मुलाची दहावी, सगळे माफ. माफ नसते ते एवढेच, की बाई दिवसभर घराबाहेर होती, कुणाच्याही उपयोगी पडत नव्हती आणि मजेत होती.

हे मला घरीही ऐकावे लागते. "रविवारी तरी घरात थांब," हे सासरचे वाक्य आणि "रविवारी तरी वस्तीत ये," हे संघटनेचे. दोन्हीकडे रविवार माझा नाही हे गृहीतच. घरातल्या त्या वाक्यावर आपण शिबिरांतून तासतासभर बोलतो. वेळेची मालकी, श्रमाची विभागणी, अदृश्य काम असे शब्द फळ्यावर लिहितो. २०१९ साली सरकारनेच केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीतले आकडे आपण सगळ्या तोंडपाठ म्हणतो : घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. बहुतेक पुरुष तर त्याला हातही लावत नाहीत. पण या २९९ मिनिटांनंतर बाईकडे जे काही उरते, त्यावर पहिला हक्क कुणाचा? आपण न बोलता उत्तर देऊन टाकले आहे, की चळवळीचा.

पुरुष कार्यकर्त्यांची गोष्ट निराळी असते. आमच्या ओळखीच्या एका संघटनेचे कार्यकर्ते दर पावसाळ्यात चार दिवस गडकिल्ल्यांवर जातात. परत आले की त्यांचे फोटो कार्यालयात लागतात आणि भाषणात त्यांचा उल्लेख 'हरहुन्नरी' असा होतो. बाई कार्यकर्तीसाठी आपल्याकडे एकच विशेषण आहे, 'समर्पित'. या शब्दाची मला आता भीती वाटते. ताई पूर्वी पेटी वाजवायच्या, हे त्यांनीच अनेक शिबिरांत सांगितले आहे. चळवळीसाठी पेटी सोडली, असे त्या म्हणतात तेव्हा नव्या मुली भारावून ऐकतात. मला मात्र दर वेळी विचारावेसे वाटते, की ताई, ती पेटी सोडल्याने नेमक्या कुठल्या बाईचा मार थांबला? हा उद्धटपणा आहे हे कळते. तरी विचारते.

आता सुटकेची एक सोपी वाट मला दिसते आणि ती मी घेणार नाही. मी म्हणू शकले असते, की पहाटे सायकलवरून जाताना बंद पडलेले दिवे दिसतात, कचरावेचक बायकांशी बोलणे होते, म्हणजे ही एक प्रकारे पाहणीच! दिवे दिसतात हे खरे. पण मी दिवे मोजायला जात नाही. कात्रजच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे निघाल्यावर उतारावर जो वारा लागतो, त्यासाठी जाते.

बाई आणि सायकल म्हटले, की आपण लगेच उपयोग सांगू लागतो. १९९१ च्या सुमारास तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेड्यांतल्या बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकवणे हा मोहिमेचाच भाग केला होता. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आणि आपण ते वाचून दाखवत आलो. पण वाचून दाखवताना आपण कशावर जोर देतो? बायका पाणी लवकर आणू लागल्या, माल बाजारात नेऊ लागल्या, मुलांना मागे बसवून नेऊ लागल्या. म्हणजे त्याच ओझ्याला चाके लागली. २००६ पासून बिहारने नववीच्या मुलींना सायकली दिल्या त्या शाळेसाठी. चांगलेच केले, शाळेतल्या मुली वाढल्या. पण शाळा, पाणी, बाजार ही कामे संपल्यावर ती सायकल घेऊन बाई उगीच कुठे जाईल का, हा प्रश्न कुठल्याच योजनेत नसतो. आपल्याकडच्या 'लेडीज सायकल'लाही दांडा नसतो आणि पुढे बास्केट असते : साडीची सोय आणि भाजीची सोय. माझ्या सायकलला दांडा आहे, बास्केट नाही. वस्तीतल्या मुलींना आधी याचेच हसू आले. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ साली झाली आणि बायकांची १९८४ साली. मधली ८८ वर्षे बायकांना सायकल येत नव्हती असे थोडेच आहे!

इतके बोलल्यावर माझ्या सायकलवाल्या सोबत्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर ताईंवर अन्याय होईल.

आमच्या सायकल गटात चाळीसेक माणसे आहेत, त्यांत बायका सहा. पुरुष पहाटे पावणेपाचला टुकटुकीत कपड्यांत हजर असतात. घरी पाणी कोण भरते, मुलाचा डबा कोण करते, हे विचारले की हसतात. सायकल मार्ग हवेत म्हणून तावातावाने बोलतात. पुणे महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरात मोठा सायकल आराखडा मंजूर केला. त्याचे पुढे काय झाले हे विचारायला प्रभागाच्या बैठकीला यातले कितीजण आले? दोन. त्या दोघांनी तिथे मागणी केली ती पदपथावरच्या पथारीवाल्यांना हटवण्याची! त्या पथाऱ्यांवर भाजी विकणाऱ्या बायकांबरोबर मी सात वर्षे काम करते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका, हे मी त्यांना भर बैठकीत ऐकवले. त्या दिवसापासून दोघे माझ्याशी नीट बोलत नाहीत. माझ्या सायकलला वाट हवी म्हणून त्या बाईची पाटी उचलली जाणार असेल, तर मी मोटारींच्या मधूनच जाईन.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे पुण्यात निवडून आलेले सभागृहच नव्हते, सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. निम्म्या जागा बायकांना राखीव असण्याचा कायदा महाराष्ट्रात २०११ साली झाला, पण जागाच रिकाम्या असतील तर आरक्षण कशाचे? शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. आणि चारच दिवसांनी जिल्ह्यात पुरुषांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत सुरू झाली, तिच्यासाठी मार्गावरचे रस्ते आधीच नव्याने डांबरी झाले होते. मीही कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू? सायकली गेल्या तेव्हा अंगावर काटा आला. पण आमच्या वस्तीकडे जाणारा रस्ता त्या मार्गात नव्हता.

आणि एक गोष्ट, जी दोन्हीकडच्यांना कळत नाही. महामार्गावर दोनशे किलोमीटर जाताना बाईला लघवीला कुठे जायचे ते आधी ठरवावे लागते. पेट्रोल पंपावर बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणाला ठाऊक नाही. म्हणून मार्चच्या उन्हात मी पाणी कमी पिते. ब्रेवेत ते धोक्याचे आहे, तरी पिते कमीच. आमच्या मंडईतल्या भाजीवाल्या पहाटेपासून दुपारपर्यंत नेमके हेच करतात, रोज, आणि त्यांना मूतखड्याचा, जळजळीचा त्रास आहे. मुंबईत २०११ साली याचसाठी 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली. मंडईतल्या कुलपासाठी आम्ही एका क्षेत्रीय कार्यालयात चार निवेदने दिली आहेत. पाचवे द्यायला सायकल गटातल्या सहाही बायका येणार आहेत. पुरुषांनाही बोलावले आहे, बघू.

माझा हा रविवार फुकट येत नाही, हेही मान्य करते. एरवी मी बाहेर असते तेव्हा मुलाला सासूबाई सांभाळतात, आणि त्यांचे गुडघे दुखतात. सायकल छप्पन्न हजारांची आहे, हप्त्याने घेतली. आमच्या वस्तीतल्या घरकामगार बायका रविवारीही दोन घरची भांडी घासतात. त्यांना कुठला रविवार? ताई म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघ आणि मग सायकल काढ." मी बघते. पण त्यांना सुट्टी नाही म्हणून मी माझी टाकून दिली तर त्यांना मिळते का? आपण त्यांच्यासाठी आठवड्याची भरपगारी सुट्टी मागतो, ती त्यांनी शिबिराला यावे म्हणून मागतो, की झोपा काढाव्यात, माहेरी जावे, काहीही करावे म्हणून? परवा हे त्यांच्यातल्याच एकीला विचारले. ती म्हणाली, "मी तर पिच्चरला जाईन, आणि एकलीच."

तर बैठकीत मी एक कागद मांडणार आहे. रविवारचे आणि सुट्टीचे दिवस आखून घ्यायचे. प्रत्येक दिवसापुढे एक नाव, एक फोन, एक घर, आणि ती अडली तर दुसरे नाव. वस्तीत हा तक्ता भिंतीवर लावायचा. 'केव्हाही ये' असे यापुढे कुणीच म्हणायचे नाही, कुणाकडे यायचे ते सांगायचे. माझ्याकडे महिन्यातले दोन रविवार द्या, तीन द्या, मी फोन उशाशी घेऊन बसेन. त्या बाईला मी हा कागद दाखवला. तिने विचारले, "रातचं बी लिवलंय का?" रात्रीचे मी लिहिले नव्हते, ते आता लिहिले आहे.

पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी ३०० ची ब्रेवे आहे. मी नाव नोंदवले आहे. तक्त्यातला तेवढा एक रकाना अजून रिकामा आहे, आणि ताई, तुमचा फोन नंबर मला पाठ आहे.