बहुमताचा निवाडा सभागृहात

बंगळूरच्या विधानसौधापासून राजभवन हाकेच्या अंतरावर आहे. तरीही एप्रिल 1989 मध्ये राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांना विधानसभेचा कौल घेण्याची गरज भासली नाही. 19 आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रे त्यांच्या हाती पडली. त्यांपैकी सात जणांनी, आपल्या सह्या दिशाभूल करून घेण्यात आल्या, असे लगेच कळविले. मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई सभागृहाला सामोरे जाण्यास तयार होते. परंतु 21 एप्रिल रोजी केंद्राने कलम 356 चा बडगा उगारून त्यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ बडतर्फ केले.

हे शस्त्र नवे नव्हते. 1959 साली केरळमधील नंबुद्रिपाद सरकारचा बळी त्यानेच घेतला, आणि त्या सरकारने तर बहुमतही गमावले नव्हते!

11 मार्च 1994 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला: बहुमताची कसोटी सभागृहातच लागली पाहिजे, राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालयीन छाननीपासून मुक्त नाही. कर्नाटकातील बडतर्फी घटनाबाह्य ठरली. मात्र तोवर जवळजवळ पाच वर्षे उलटली होती. नोव्हेंबर 1989 मध्येच निवडणुका होऊन गेल्या होत्या, त्यामुळे मोडलेले सरकार पुन्हा उभे राहण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

तरी निकाल वाया गेला असे म्हणता येणार नाही. मे 2018 मध्ये याच बंगळूरमध्ये राज्यपालांनी येडियुरप्पांना बहुमत सिद्ध करण्यासाठी 15 दिवस बहाल केले. न्यायालयाने शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी ती मुदत 19 मेपर्यंत आणली आणि मतदानापूर्वीच त्यांना राजीनामा द्यावा लागला. राज्यपालाची नेमणूक मात्र आजही केंद्राच्याच मर्जीने होते.