मनाचं लॉगबुक

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात माझी उमर कंट्रोल रूममध्ये गेली. २१० मेगावॅटच्या संचावर ठरल्या वेळी वाफेचा दाब, तापमान, लोड लॉगबुकात उतरवायचं. 'सगळं ठीक' एवढंच लिहिलेलं साहेबांना चालत नसे, आकडा लागायचा.

रोजनिशीबद्दल माझं मत तेच. पानापानावर सुविचार छापलेल्या डायऱ्या भेट द्यायला बऱ्या. 'आज मूड नव्हता' लिहून काही हाती लागत नाही. 'सव्वासातला पुण्याहून मुलाचा फोन, फ्लॅटच्या हप्त्याचा विषय, कानशिलं तापली, जेवताना भाजीला नावं ठेवली' असं लिहिलं की कळतं, राग हप्त्याचा होता, भाजी बिचारी मधे सापडली.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं लिहायला लावलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठल्यावर मात्र त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटलं होतं, हे कुणी सांगत नाही.

साने गुरुजींनी १९३३मध्ये आमच्या नाशिकच्याच तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ती जगासाठी होती. आपली वही मात्र कपाटात, कुलपात ठेवावी; घरच्यांनी वाचायची म्हटली की माणूस शहाण्यासारखं लिहू लागतो. आणि लिहून उलट झोपच उडत असेल तर वही मिटा, १४४१६वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. सरकारी आहे, फुकट आहे.