जड गिअरची मर्दुमकी

ट्रायथलॉन हा शब्द आता आपल्या मोहल्ल्यांतही ऐकू येतो. पोहणे, सायकल आणि धावणे, एकामागोमाग एक. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथे दीड किलोमीटर पोहायचे, ४० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग १० किलोमीटर धावायचे असते.

तयारी करणारी पोरे आम्ही रस्त्यावर पाहतो. गिअर जितका जड, तितका स्वार तगडा, असा त्यांचा समज असतो. पायडल कण्हत फिरते, खांदे डोलतात आणि काही आठवड्यांत मुलगा गुडघा धरून बसतो. मग अम्मी म्हणतात, "बस झाली सायकल, विकून टाका!" पण दोष सायकलचा नसतो.

जरा हिशेब करू. पुढच्या चकतीला ४८ दाते आणि मागे १६ असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक तीनदा फिरते. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला, तर सायकल ६.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, तर ३७८ मीटर. आता मागे २४ दात्यांवर चेन घ्या. एका फेरीत ४.२ मीटर होतात. मिनिटाला ९० फेऱ्या मारा, पुन्हा ३७८ मीटरच! वेग तोच, पण जड गिअरवर प्रत्येक फेरीला दीडपट जोर लावावा लागतो. तो मांड्या आणि गुडघे सोसतात. हलक्या गिअरवर दम जास्त लागतो, पण दम थोड्या वेळात भरून येतो. दुखावलेला गुडघा महिनोन्महिने घेतो. शिवाय सायकलवरून उतरून धावायचे असते, तेव्हा थकलेल्या मांड्या साथ देत नाहीत.

फेऱ्या मोजायला यंत्र लागत नाही. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. २० ते २२ आले, तर ८० ते ८८ फेऱ्या झाल्या. सपाट रस्त्यावर बहुतेकांना एवढ्या पुरतात. सीटवर उडायला होत असेल, तर गिअर फारच हलका आहे. चढ लागण्याआधीच गिअर उतरवा. ऐन चढावर चेनवर ताण असतो. सीट फार खाली असेल, तरीही गुडघा दुखतो, तीही पाहून घ्या.

रमजानमध्ये सराव अगदीच सोडायला नको. इफ्तारनंतर थोडे थांबून, पाणी पिऊन, हलक्या गिअरवर अर्धा तास पुरे. थोडे पण नेमाने केलेले काम अल्लाहला प्रिय, हे आपण मुलांना शिकवतोच. ते इथेही लागू आहे.

तेव्हा अम्मी-अब्बांनो, मुलगा असो वा मुलगी, सायकल विकण्याआधी एकदा सोबत उभे राहून फेऱ्या मोजा. गिअर बदलूनही दुखणे राहिले, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तेल-मालिशवर महिने काढू नका.