कुकरच्या चार शिट्ट्या

"बाई, तिसऱ्या प्रकरणात कुकरच्या चार शिट्ट्या आहेत. आणि शेवटी शेवटी कोणीतरी 'दूध आलंय हो' म्हणतंय."

मी फोनवरच ओशाळले. चांगला नऊ हजारांचा माइक आणला होता हो, पेन्शनीतून!

बोलणारी मुलगी मराठी घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. तिची आई माझी विद्यार्थिनी. आई 'बाई' म्हणते म्हणून हीसुद्धा बाई म्हणते. हल्ली फोन मराठी वाचून दाखवतो हे मला माहीत आहे आणि तीही तो सर्रास वापरते. पण तिला लागणारी अर्धी पुस्तकं जुनी, त्यांच्या झेरॉक्स फिकट, वर कुणाकुणाच्या पेन्सिलीच्या रेघा. तिथे फोन अडखळतो. शिवाय चाकातला च आणि चंद्रातला च फोनला एकच वाटतात. मराठीच्या विद्यार्थिनीनं ते दिवसभर ऐकत बसायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून मी वाचून ध्वनिमुद्रित करून देते. (कायद्याचं म्हणाल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर, नफा न घेता अपंगांसाठी असं करून देता येतं. हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

हे करते आहे असं कळल्यापासून ज्येष्ठ नागरिक संघातले दोघंतिघं विचारायला लागलेत, "आम्हालाही घरी रेकॉर्डिंग करायचंय, पहिला माइक कुठला घेऊ?" कुणाला आईच्या ओव्या, कुणाला स्वतःच्या कविता. त्यांना मी जे सांगते ते इथे लिहून ठेवते. तज्ज्ञ म्हणून नाही, चुकलेली बाई म्हणून.

माझी चूक अशी झाली. भाच्याला घेऊन कोल्हापुरात एका दुकानात गेले आणि विचारलं, "सगळ्यात चांगला कुठला?" प्रश्नच चुकला! दुकानदारानं एक जाडजूड, देखणा कंडेन्सर माइक पुढे ठेवला आणि म्हणाला, "आजी, हा बारीकसारीक सगळं टिपतो." मी भाळले. लहानपणी रेडिओवरच्या बातम्या ऐकताना आपणही असं बोलावं ही हौस होती, ती साठ वर्षांनी उफाळून आली. त्या माइकला ४८ व्होल्टची वीज लागते. तिला फँटम पॉवर म्हणतात, म्हणजे भुताटकीची वीज! ती देणारा ऑडिओ इंटरफेस नावाचा एक डबा वेगळा घ्यावा लागला. घरी आल्यावर दोन दिवस मी त्या माइकच्या डोक्यावर बोलत होते. तो बाजूनं बोलायचा असतो हे भाच्यानं तिसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

आणि त्यानं खरंच सगळं टिपलं. आमचं घर मिरज जंक्शनपासून फार लांब नाही. गाडीचा भोंगा, भंगारवाल्याचा कर्णा, कोकीळ, छताचा पंखा, सूनबाईंचा कुकर, खालच्या मजल्यावरची बोअरची मोटर... आणि माझी कवळी! 'ट' आणि 'त' म्हणताना ती किंचित वाजते हे मला या वयात त्या माइकनं सांगितलं. घरातल्या कुणी बोललं नव्हतं बिचाऱ्यांनी.

शिट्ट्यांवर आम्ही दोघी हसलो. पण मग ती जरा थांबून म्हणाली, "बाई, राग मानू नका. अर्ध्या तासानंतर डोकं दुखतं. मागे सारखं घुं घुं चालू असतं, त्यातून शब्द वेचावे लागतात." मी विचारलं, चौथं प्रकरण ऐकलंस का? नव्हतं ऐकलं. अर्ध्यावर सोडून दिलं होतं आणि मला वाईट वाटेल म्हणून आठ दिवस सांगितलं नव्हतं. डोळस माणूस ओळीवरून नजर फिरवून पुढे जातो. तिला मी वाचलेलं प्रत्येक अक्षर कानातूनच घ्यायचं असतं, रोज पाच-सहा तास, हेडफोन लावून, हॉस्टेलच्या खोलीत. मी हौस भागवत होते आणि तिची परीक्षा जवळ येत होती.

उपाय सापडला तो आमच्या भजनी मंडळात. तिथे एक पोचे पडलेला, जाळी वाकलेला माइक आहे, एकादशीला आलटून पालटून सगळ्यांच्या हातात फिरणारा. तो डायनॅमिक जातीचा. भाचा म्हणाला, "मावशी, आधी हा लावून बघ." मुद्दाम सकाळी अकरा वाजता, कुकर चढलेला असताना, तोच उतारा दोन्ही माइकवर वाचला. कोणता कुठला हे न सांगता तिला पाठवले. तिनं एका मिनिटात निवड केली. पोचेवाला!

असं का होतं हे मी भाच्याकडून वदवून घेतलं. डायनॅमिक माइकच्या आत एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक असतं. आवाजानं पडदा हलला की वेटोळं हलतं आणि वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोचंच तत्त्व. कंडेन्सरमध्ये वेटोळं नसतं. विद्युतभारित पत्र्यासमोर अतिशय हलका पडदा असतो, तो जराशा झुळकीनंही थरथरतो, म्हणून बारीक, तीक्ष्ण आवाज त्यात नेमके उतरतात. कवळीसुद्धा.

पण डायनॅमिक माइकला कुकर ऐकूच येत नाही असं मुळीच नाही, हे लक्षात घ्या. तो आपल्याला जवळ बोलवतो, ही त्याची खरी करामत. कंडेन्सर मी टेबलाच्या पलीकडे ठेवून, मध्ये पुस्तक पसरून, हातभर अंतरावरून वाचत होते. डायनॅमिकमध्ये तेवढ्या लांबून बोललं तर आवाज अगदी दुबळा येतो, म्हणून आपण झक मारत पुढे सरकतो. अंतर निम्मं झालं की माइकवर पडणारा आपला आवाज साधारण दुप्पट होतो. हातभरावरून चार बोटांवर आलं की जवळजवळ सहापट. कुकर मात्र होता तिथेच असतो! शिवाय असे बहुतेक माइक समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकतात. मी माइकची पाठ स्वयंपाकघराकडे केली, अर्धी लढाई तिथेच संपली.

मग कंडेन्सरच चार बोटांवर का नाही ठेवला? ठेवून पाहिला. गोंगाट कमी झाला, पण श्वास, जिभेचा चटचट आवाज आणि कवळी यांची जत्रा भरली. ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांचं ठीक चालेल कदाचित.

जवळ आल्यावर एक नवा त्रास सुरू होतो, आणि तो आपल्या भाषेत जरा जास्तच. तळहात तोंडासमोर धरा आणि 'पणती' म्हणा. आता 'फणस' म्हणा. लागला ना वारा? ख, घ, थ, ध, फ, भ, सगळे महाप्राण वर्ण माइकवर फुंकर घालतात आणि ऐकणाऱ्याच्या कानात 'भप्' होतं. वर्गात हे मी चौतीस वर्षं फळ्यावर शिकवलं, पण आपल्याच तोंडाला लागू होतं हे सुचलं नव्हतं. उपाय सोपा. माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता जरा तिरपा, ओठांच्या कोपऱ्याजवळ ठेवायचा आणि वर स्पंजची टोपी घालायची.

तेव्हा माझं मत असं, की पहिला माइक सगळं ऐकणारा नको, कमी ऐकणारा हवा. दुकानात जाण्याआधी आपल्या खोलीत दोन मिनिटं डोळे मिटून बसा. जे जे ऐकू येईल ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये येणार आहे. पंखा बंद करून शांतता होत असेल तर खुशाल कंडेन्सर घ्या. नसेल तर, आणि आपल्यापैकी बहुतेकांची नसतेच, डायनॅमिक घ्या. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक आजही उत्तम. पण त्याच्या हुबेहूब नकला बाजारात फार आहेत, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पावती सोडू नका. डब्याची भानगड नको असेल तर थेट कॉम्प्युटरला लागणारे डायनॅमिक माइकही मिळतात, सॅमसनचा क्यू-टू-यू त्यातलाच. एक दोष सांगायलाच हवा. डायनॅमिकमधून येणारी वीज फार क्षीण असते, ती वाढवावी लागते, आणि हलक्या डब्यात वाढवली की 'स्स्स' असा आवाज मिसळतो. म्हणून सगळे पैसे माइकवर उधळू नका. थोडे डब्याला, थोडे धड स्टँडला आणि कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनला ठेवा. भिंतीचा घुमारा घालवायला मी एक पैसा खर्च केला नाही. आईच्या हातच्या दोन वाकळी दोरीवर टाकल्या आणि लुगड्यांचं कपाट उघडं ठेवलं. आणि शक्य असेल तर विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून आणा, भजनी मंडळं गावोगाव आहेत.

कंडेन्सरची मी निंदा करत नाही हं. मिरजेत राहून ते पाप कोण करेल! आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे घडतात. तंबोऱ्याची जवारी लागली की तारेतून जे बारीक रुंजी घातल्यासारखं उठतं, ते पकडायला तोच हवा. माझा माइक आता तिथल्या एका ओळखीच्या मुलाकडे आहे. तो रात्री अकरानंतर दार लावून तयार वाद्यं मुद्रित करतो आणि गिऱ्हाइकांना पाठवतो. मी ऐकलं, अंगावर काटा आला. माइक तोच, नऊ हजारांचा. माझ्याकडे त्यानं कुकर टिपला.

माइक बदलल्यावर आणखी एक गोष्ट बदलावी लागली, ती मला जड गेली. माझा आवाज. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय, त्यामुळे मी वाचायला लागले की डब्यावरचा लाल दिवा पेटायचा. आणि सूर कसा, तर 'लक्ष कुठंय तुझं?' असा. आता ऐकणारी एकटी आहे आणि तिचा कान माझ्यापासून चार बोटांवर आहे. शेवटच्या बाकावर कुणीच नाही. हळू बोलायला शिकायला मला तीन आठवडे लागले, अजूनही एखादं वाक्य वर्गात जातंच.

परवा तिचा फोन आला. "बाई, नवव्यात काहीच नाही. कुकर नाही, गाडी नाही." मी म्हटलं, अगं, फक्त पानं उलटतानाचा आवाज येतोय, तेवढा आता काढून टाकते.

"नको नको, तो राहू दे. त्यावरून मला कळतं, पान कुठे संपलं ते. पेपरात पृष्ठ क्रमांक लिहायचा असतो."

मग चौथं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं, पानांसकट. अजून सहा बाकी आहेत. सूनबाईंना सांगून कुकर दहाच्या आत उतरवून घेते.