प्रमुखाचे पाय आणि कोठाराची किल्ली

प्राचीन राजाचे थडगे सापडले की वृत्तपत्रांचे रकाने सोन्यामोत्यांनी भरून जातात. किती रथ निघाले, किती रत्ने निघाली, याची मोजदाद होते. ते थडगे कोणाच्या धान्यावर आणि कोणाच्या मनगटावर उभे राहिले, हे मात्र विचारले जात नाही. चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग याच्याबाबत हेच घडले. १९७४ साली अवर्षणात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या हत्यारांना मातीचे सैनिक लागले आणि साऱ्या जगाचे डोळे दिपले. मग आपल्याकडच्या सुशिक्षितांनाही हळहळ वाटते की, महाराष्ट्राच्या मातीत असा एखादा राजा का निघू नये? ही हळहळ अज्ञानातून येते, आणि दरबारी वृत्तीतूनही.

महाराष्ट्राच्या मातीत सत्ताधीशाचे दफन निघालेले आहे. पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ही शेतकऱ्यांची वसाहत. तेथे प्रौढ माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्याखाली तोडीत. मृताने भूत होऊन भटकू नये, हा त्यामागील हेतू असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. परंतु पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण सापडला. त्यात सुमारे चाळिशीचा एक पुरुष गुडघे दुमडून बसविलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते. त्या घराला लागूनच गावाचे धान्याचे कोठार होते. हा गावाचा प्रमुख असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

या दफनाचा डौल सोन्याचा नाही. सर्वांना लागू असलेला नियम एकाला लागू नाही, एवढाच त्याचा डौल. आणि विशेषाधिकाराची याहून नेमकी व्याख्या कोणत्या ग्रंथात सापडेल? कोठाराजवळ राहणाऱ्याचे पाय शाबूत राहिले. कारागिरांची घरे मात्र वस्तीच्या पश्चिम कडेला होती.

यावर ठरलेला आक्षेप येतो की, प्रमुख नसता तर नदीचे पाणी वळविणारा पाट आणि बांध कोणी बांधला असता? इनामगावात पाट होता, बांध होता, हे खरेच. कोठारातील धान्य वाईट वर्षी गावाच्या उपयोगी पडले असेल, हेही मान्य करावे. सामुदायिक कामाला संघटन लागते, हे समाजवाद्यांना कोणी शिकविण्याची गरज नाही. प्रश्न कोठाराचा नाही, किल्लीचा आहे. गावाने पिकविलेल्या धान्याची किल्ली एका घराच्या कनवटीला का असावी, आणि त्या घराला मरणातही वेगळा न्याय का मिळावा, याचे उत्तर हा आक्षेप देत नाही.

किल्ली एकाच हाती राहिली की पुढे काय होते, ते चीनमध्ये दिसते. इ. स. पू. २१० मध्ये मेलेल्या त्या सम्राटाच्या थडग्यासाठी सात लाख माणसे राबविली गेली, असे सिमा छ्येन या इतिहासकाराने सुमारे शतकभराने लिहून ठेवले. त्या टेकडीपासून जवळच मजुरांची दफनभूमी निघाली. तेथे काही सांगाड्यांसोबत कौलांचे तुकडे मिळाले. त्यांवर मृताचे नाव आणि गाव कोरलेले आहे. काहींवर तो देणे फेडण्यासाठी वेठीस आला होता, अशी नोंदही आहे. सम्राटाची मुख्य समाधी आजवर उघडलेली नाही. कर्जदारांची कौले मात्र बोलू लागली आहेत.

वऱ्हाडाला ही भाषा परकी नाही. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा येथे मामाच्या घरी वाढलेल्या डेबूजीने सावकारी कर्जात जमीन जाताना पाहिली होती. तोच पुढे गाडगेबाबा झाला. पूर्णेकाठी ऋणमोचन येथे घाट, मूर्तिजापुरात धर्मशाळा, असे त्याने लोकवर्गणीतून लोकांसाठी बांधले. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. सम्राटाच्या टेकडीला याहून सडेतोड उत्तर कोणते?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे एक साधे काम आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, रस्ते केले. कामांच्या कोनशिलांवर उद्घाटकांची नावे झळकतात. राबणाऱ्यांची नावे हजेरीपटावर होती. हे हजेरीपट म्हणजे आपली कौले होत. तहसील कचेऱ्यांत आणि बांधकाम खात्यात जे काही उरले असतील, ते रद्दीत जाण्याआधी जतन करावेत, ही मागणी प्रत्येक तालुक्यातून झाली पाहिजे. जेथे कागद उरले नाहीत, तेथे वृद्ध मजुरांकडून नावे लिहून घ्यावीत आणि ती त्या तलावाच्या काठी दगडावर कोरावीत. चीनच्या कर्जदार मजुरांच्या वाट्याला निदान कौलाचा तुकडा तरी आला. स्वतंत्र भारतातील मजुराच्या वाट्याला तेवढेही येऊ नये काय?