गळती सांध्यांतच आहे

पेरोव्हस्काइट सौरघटाने कार्यक्षमतेचा नवा उच्चांक गाठला की त्याची वार्ता ठळकपणे छापली जाते. हे कौतुक अनाठायी नाही. २००९ साली जपानमध्ये मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा घट प्रथम सिद्ध केला तेव्हा त्याची कार्यक्षमता अवघी ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतील लहान घटांनी २६ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. परंतु या प्रगतीचे श्रेय केवळ प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकाला देणे एकांगीपणाचे होईल.

हा स्फटिकाचा थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा. त्यावर प्रकाश पडताच ऋणभार व धनभार मोकळे होतात आणि थराच्या कडेपर्यंत बहुधा सुखरूप पोहोचतात. पीक उत्तम येते. अडचण आहे ती बाजारापर्यंत नेण्याची. ते काम दोन्ही अंगांच्या वाहक स्तरांचे. एकाने केवळ ऋणभार स्वीकारावा, दुसऱ्याने केवळ धनभार. पण स्फटिक जेथे या स्तरांना भिडतो तेथे त्याची रचना खंडित झालेली असते. त्या दोषांत भार अडकतात, परस्परांशी मिळून नाहीसे होतात आणि विजेऐवजी उष्णता पदरी पडते. अडत्याच्या दारात माल नासावा, तसाच हा प्रकार!

पहिल्या घटातील द्रव तर स्फटिकालाच विरघळवीत असे. २०१२ मध्ये त्याच्या जागी ‘स्पायरो’ हा घन सेंद्रिय पदार्थ आला आणि कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या घरात गेली. मात्र तो महाग, शिवाय त्यात मिसळावे लागणारे लिथियमचे क्षार हवेतील ओल ओढून घेतात. अलीकडे जेमतेम एका रेणूइतक्या जाडीचे स्तर वापरात येऊ लागले आहेत. त्यांना द्रव्य नाममात्र लागते. माझ्या मते खरी आशा येथे आहे. (स्फटिकातील शिशाचा प्रश्न गंभीर आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. २६ टक्क्यांचा घट पाच वर्षांत निकामी झाला, तर पंचवीस वर्षे टिकणाऱ्या २० टक्क्यांच्या सिलिकॉन घटाच्या जवळपास चौथाई वीजच तो देईल. आणि टिकाऊपणा बव्हंशी या सांध्यांवरच ठरतो. म्हणून सार्वजनिक पैसा उच्चांकांमागे धावू नये. ८५ अंश सेल्सियस उष्णता व ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास ठेवण्याची कसोटी सौरपट्ट्यांसाठी रूढ आहे. त्यानंतर घटाची किती क्षमता उरली, हा आकडा अनुदान मागणाऱ्याने प्रथम सादर करावा.